स्वतःचं वेबपान हाताने लिहायचंय – किती टॅग आले म्हणजे पुरे?

शाईपेन

नमस्कार मंडळी,

वाचलेल्या पुस्तकांच्या नोंदी मी गेली अकरा वर्षं वहीत करतेय. चार वह्या भरल्या. त्यातलं निवडक आता एका पानावर टाकावं असं मनात आहे, कुणालाही उघडून वाचता येईल असं. फार काही नको. वर नाव, माझ्याबद्दल चार ओळी, पुस्तकांची यादी, एकदोन फोटो आणि काही लिंका.

भाचा म्हणाला, "मावशी, तयार साचा घे, अर्ध्या तासात होईल." घेतला. अर्ध्या तासात झालंही. पण त्यात एक सरकणारी चित्रपट्टी आली, ती मला नको होती. "आमची टीम" असा एक भाग आपोआप आला आणि त्यात चार अनोळखी हसरे चेहरे. ते काढायला दोन संध्याकाळी घालवल्या. तीन गेले, एक बाई अजून हसतेय.

म्हणून ठरवलं की एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची खुणांची भाषा, मुळातून शिकायची आणि पान स्वतः लिहायचं. आतापर्यंत पी (परिच्छेद), बी (ठळक अक्षर) आणि बीआर (नवी ओळ) एवढे तीन टॅग, म्हणजे कंसात लिहायच्या खुणा, कळलेत. शोधलं तर शंभराच्या वर टॅगांची यादी समोर आली आणि धीर सुटला.

प्रश्न दोन. आजच्या काळात हे हाताने शिकण्यात अर्थ आहे का? आणि माझ्या एवढ्याशा पानासाठी नेमके किती टॅग लागतील?

उगाचच

माझा पहिला टॅग "नंतर करू" हा होता. उघडला २०१६ साली, अजून बंद केलेला नाही.

तिरकस

अर्थ नाही. कोण लिहितं हाताने आता? एआयला सांगा "पुस्तकांचं पान करून दे", मिनिटभरात हातात. मीही माझं पान तयार साच्यावरच केलंय, झकास चाललंय. लिहायला शिकताना बोरू कापायला शिकलात का?

जुनंखोड

तिरकसराव, बोरू राहू द्या, पण त्यांना अक्षरओळख तरी होऊ द्या.

शाईपेन, शंभराच्या यादीला घाबरू नका. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बसून वेब सुरू केलं, तेव्हा १९९१ सालच्या पहिल्या टॅगांच्या दस्तऐवजात १८ टॅग होते. त्यातले बरेच आजही जसेच्या तसे चालतात. टायटल, पी, ए (लिंक), यूएल (यादी), एलआय (यादीतली एक नोंद), एच१ ते एच६ (लहानमोठी शीर्षकं), सगळे तेव्हाचे. चित्राचा टॅग, आयएमजी, त्यात नव्हता बरं का. तो १९९३ साली मोझॅक ब्राउझरवाले मार्क अँड्रीसन यांनी सुचवला. म्हणजे आज आपण ज्याशिवाय पानाची कल्पनाच करत नाही, ते नंतर आलेलं पाहुणं. सर्नने ते जगातलं पहिलं संकेतस्थळ २०१३ मध्ये पुन्हा जागेवर बसवलं. ते उघडा आणि कंट्रोल-यू दाबून त्याचा सोर्स बघा. पहिल्या वाचनात सगळं समजेल इतकं साधं आहे.

तुमच्या पानाला माझ्या हिशेबाने १२ पुरतात: एचटीएमएल, हेड, मेटा, टायटल, बॉडी, एच१, एच२, पी, ए, आयएमजी, यूएल, एलआय. बीआर कवितेसाठी आणि पत्त्यासाठी ठेवा. दोन परिच्छेदांत अंतर पाडायला बीआरवर बीआर ठोकू नका, त्यासाठी पी आहे.

सूचना: इथे खरे टॅग लिहिले की प्रतिसादातून ते गायब होतात, म्हणून मी देवनागरीत लिहितोय. तुमच्या फाइलमध्ये टॅगांची नावं रोमनमध्येच टाका.

अर्धविराम

तिरकस यांच्या एआयबद्दल माझा अनुभव. मी तसं करून बघितलं. पान सुंदर आलं, चारशे ओळींचं. त्यात माझं नाव सात ठिकाणी होतं, त्यातलं एक चुकीचं. ते दुरुस्त करायला गेले आणि अख्खी डावी बाजू उजवीकडे सरकली. का सरकली ते आजही माहीत नाही.

एआयकडून घेऊ नका असं मी म्हणत नाही, मी अजूनही घेते. पण त्याआधी दोन आठवडे बसून डझनभर टॅग हाताने लिहून काढले. आता निदान काय आलंय ते वाचता येतं आणि नको तो भाग कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं. तुमच्या त्या हसऱ्या बाईंचा भाग एका डिव्हमध्ये (पानाचा एक भाग बांधून ठेवणाऱ्या टॅगात) बंदिस्त असणार. डिव्ह कुठे उघडला नि कुठे बंद झाला एवढं वाचता आलं असतं, तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

उगाचच

बाईंना राहू द्या हो. अकरा वर्षांच्या वाचनात कुणीतरी खूश झालेलं दिसतंय.

काटेकोर

जुनंखोड यांनी पहिली ओळ सांगितलीच नाही. फाइलच्या अगदी वर डॉकटाइपची, म्हणजे हे एचटीएमएलचं पान आहे असं सांगणारी, ओळ हवी. ती नसेल तर ब्राउझर पान फार जुन्या काळातलं आहे असं समजतो आणि मापं, अंतरं जुन्या पद्धतीने मोजतो. पुढे सजावट करताना "माझंच का वाकडं दिसतंय" याचं उत्तर अनेकदा त्या एका ओळीत असतं.

शाईपेन

सगळ्यांचे आभार. जुनंखोड, तुमच्या बारा टॅगांवरून काल रात्री पान लिहिलं. जेमतेम तीस ओळी. फाइल जतन केली, ब्राउझरमध्ये उघडली आणि पान पांढरंफटक! एक अक्षर नाही. तीनदा तपासलं. सगळा मजकूर फाइलमध्ये दिसतोय, पानावर काहीच नाही. काय चुकलं असेल?

तिरकस

म्हणूनच सांगत होतो.

नवशिक्या

माझंही असंच व्हायचं. फाइलच्या नावाच्या शेवटी .टीएक्सटी चिकटलं असेल. नोटपॅड ते चोरून लावतं आणि विंडोज ते लपवतं. एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू करून बघा.

अर्धविराम

.टीएक्सटी असतं तर टॅगांसकट सगळा मजकूर जसाच्या तसा दिसला असता. पांढरं पान आलं नसतं. जतन केलेलीच फाइल उघडली ना? माझ्याकडे एकदा "नवीन", "नवीन२" आणि "नवीन_खरं" अशा तीन फायली होत्या. दुरुस्ती एकीत करत होते नि बघत होते दुसरीकडे.

रातकिडा

शाईपेन, एक करा. पानाकडे बघू नका, वर टॅबकडे बघा. टॅबच्या नावावर माउस धरून ठेवा. काय दिसतं?

शाईपेन

अगंबाई! तिथे सगळंच्या सगळं पान आहे! "माझी पुस्तकं" आणि त्यापुढे टॅग, परिच्छेद, यादी, सगळं एका ओळीत कोंबलेलं.

रातकिडा

मग टायटल बंद झालेला नाही. फाइलमध्ये ती ओळ अशी असणार:

<टायटल>माझी पुस्तकं<टायटल>

दुसऱ्या टायटलच्या आधी तिरकी रेघ राहिली. टायटलच्या आत ब्राउझर दुसऱ्या कुठल्याच टॅगाला ओळख देत नाही. बंद होण्याची खूण मिळेपर्यंत जे येईल तो त्याच्या दृष्टीने शीर्षकाचाच मजकूर. त्यामुळे तुमचं अख्खं पान शीर्षकात गेलं आणि बॉडीच्या वाट्याला काही उरलं नाही. एक रेघ टाका, पान येईल.

(मला हे कसं माहीत? वीस वर्षांपूर्वी हीच चूक केली होती आणि चार तास मॉनिटरला दोष देत होतो.)

शाईपेन

आलं!! रातकिडा, तुमचे शतशः आभार. पहिलं वाक्य पानावर दिसलं तेव्हा खरंच टाळी वाजवली एकटीने. भाच्याला लगेच स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर: "मावशी, हे १९९५ सालचं दिसतंय." म्हटलं, आवडतं मला १९९५.

उगाचच

टॅबमध्ये अख्खं पान म्हणजे मलपृष्ठावरच कादंबरी छापून आत कोरे कागद. एक शंका. टायटल बंद नाही केला तर एवढा गोंधळ, पण पी बंद करायला मी कायम विसरतो, तरी पान व्यवस्थित दिसतं. हा पक्षपात का?

जुनंखोड

पक्षपातच आहे, पण नियमात बसणारा. पी आणि एलआय यांचा शेवटचा टॅग वगळायची मुभा एचटीएमएलच्या अधिकृत नियमांतच दिलेली आहे. नवा पी आला की आधीचा संपला हे ब्राउझर समजून घेतो. बीचं तसं नाही. तो बंद केला नाही तर पुढचे सगळे परिच्छेद ठळक होत जातात, पानाच्या तळापर्यंत. मी स्वतः पी बंद करत नाही. कमी लिहावं लागतं, फाइल वाचायला मोकळी राहते.

काटेकोर

तीव्र असहमत. शिकणाऱ्याला ही सवय लावू नका. मुभा आहे म्हणून रोज वापरायची नसते.

एक उदाहरण देतो. पी उघडला, दोन वाक्यं लिहिली, मग त्याच पीच्या आत यूएलची यादी टाकली आणि शेवटी पी बंद केला. लिहिणाऱ्याला वाटतं यादी परिच्छेदाच्या आत आहे. प्रत्यक्षात पीच्या आत यादी चालतच नाही, म्हणून यादी दिसताक्षणी ब्राउझर पी स्वतःहून बंद करतो. शेवटी तुम्ही लिहिलेला बंद-पी एकटा पडतो आणि त्याचा एक रिकामा परिच्छेद तयार होतो. पुढे परिच्छेदांना चौकट लावली की ही रिकामी चौकट कुठून आली म्हणून शोधत बसा. कुठे काय संपतं हे स्वतः लिहायची सवय असली की असलं कोडं निदान लवकर सुटतं.

गणितातल्या कंसासारखं आहे हे. शेवटी उघडलेला आधी बंद करायचा. मी तर उघडतानाच बंद करून ठेवतो आणि मग मधे मजकूर भरतो.

जुनंखोड

उदाहरण बिनतोड, पण ते माझ्याच बाजूचं आहे. तो रिकामा परिच्छेद तुमच्या बंद-पीने केला. मी तो लिहिलाच नसता!

काटेकोर

🙂 मान्य. तरीही मी बंद करणार.

नवशिक्या

मला मदत करा, हसू नका. जुनंखोडांच्या पहिल्या प्रतिसादावरून शिकलो. पानावर हे दिसतंय:

<पी>नमस्कार, माझं नाव…

कंसांसकट. .टीएक्सटी नाही, तपासलं.

उगाचच

हसत नाही. फक्त खुर्चीवरून पडलोय.

रातकिडा

अहो, त्यांनी सूचना दिली होती ना खाली. टॅगाचं नाव रोमन अक्षराने सुरू व्हावं लागतं. कंसानंतर "प" दिसला की हा टॅग नव्हेच, लेखकाला कंसच लिहायचाय, असं समजून ब्राउझर तो प्रामाणिकपणे छापून टाकतो. पण यातून एक गोष्ट कळते ती लक्षात ठेवा. ब्राउझर एरर देत नाही. चुकलं की तो आपल्या परीने अर्थ लावतो आणि पुढे जातो. म्हणून चूक सांगणारं कुणीतरी बाहेरून लागतं. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा व्हॅलिडेटर (पान तपासणारा) फुकट आहे. फाइल टाका, तो ओळ क्रमांकासकट चुका दाखवतो. त्याची भाषा जरा खडूस आहे, मनावर घेऊ नका.

अर्धविराम

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर मेटामधल्या चारसेटबद्दल, म्हणजे अक्षरं कुठल्या तक्त्याने वाचायची ते सांगणाऱ्या ओळीबद्दल. तिथे यूटीएफ-८ लिहिलं नाही, तर ब्राउझरला लिपी ओळखावी लागते आणि अंदाज चुकला की मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए ओळीने उभे राहतात, मधे मधे विचित्र चिन्हं. कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची असते. चुकीच्या तक्त्याने वाचलं की एका अक्षराची तीन भलतीच अक्षरं होतात.

ती ओळ हेडमध्ये सगळ्यात आधी टाका, टायटलच्याही आधी. फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत ती यावी असा नियम आहे. मराठीत काना-मात्रा धरून साडेतीनशे खुणांच्या आतच एवढे बाइट संपतात. मी वर मोठ्या हौसेने मराठीत लांबलचक टिपण लिहून ठेवलं होतं आणि चारसेट त्याच्याखाली. अर्धे दिवस पान नीट दिसायचं, अर्धे दिवस नाही.

आणि फाइल जतन करतानाही यूटीएफ-८च निवडा. जुन्या नोटपॅडमध्ये "एएनएसआय" निवडलेलं राहिलं तर सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन जातात. ती परत येत नाहीत. माझी एक कविता अशीच गेली.

तिरकस

कविता प्रश्नचिन्हांत जास्त चांगली झाली असेल.

अर्धविराम

तिरकस, शक्यता नाकारत नाही. छंद सुधारला होता.

बहुश्रुत

अवांतर: लहानपणी आम्ही मार्कीने अक्षरं पळवायचो. डावीकडून उजवीकडे "स्वागत आहे", वर ब्लिंक लावून लुकलुकणारं "नवीन!". जिओसिटीज या फुकट पानं ठेवायच्या संकेतस्थळावर माझं पान होतं, चांदण्यांच्या काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं. ते २००९ साली बंद झालं आणि पानही गेलं. त्याची प्रत ठेवली नव्हती याचं अजून वाईट वाटतं.

रातकिडा

ब्लिंक मेला. फायरफॉक्सने २०१३ साली काढला, आता कुठेच लुकलुकत नाही. मार्की मात्र अधिकृत नियमांतून बाद होऊनही बहुतेक ब्राउझरांत अजून पळतो. शाईपेन, वापरू नका. हे मी फक्त बहुश्रुत यांच्या समाधानासाठी सांगितलं.

प्रोग्रामर_खरा

एक मूलभूत मुद्दा. एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंग भाषा नाही. त्यामुळे इथे "कोडिंग शिकतेय" असं जे चाललंय ते…

उगाचच

आले. वाटच बघत होतो. ३० प्रतिसादांच्या आत हा मुद्दा आला नाही तर धागा बाद धरतात.

प्रोग्रामर_खरा

मी फक्त वस्तुस्थिती सांगितली.

जुनंखोड

वस्तुस्थिती खरी आहे. नावातच "मार्कअप" आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी अशा खुणा करायच्या, बस. आणि कोडिंग शिकतेय असं शाईपेन कुठे म्हणाल्या तेही दाखवा.

कानाने_वाचणारा

बरेच दिवस धागा वाचतोय, आता लिहावंसं वाटलं. मला दिसत नाही. संगणक मी एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने वापरतो, तो पान मोठ्याने वाचून दाखवतो. वर "खुणा करायच्या, बस" असं जुनंखोड म्हणाले. त्या खुणा माझ्यासाठी म्हणजेच पान.

तुम्ही पानावर नजर फिरवता आणि मोठ्या अक्षरांवरून ठरवता की कुठे थांबायचं. मी एच ही कळ दाबतो. प्रत्येक वेळी पुढच्या शीर्षकावर उडी. २ दाबलं तर फक्त एच२वर. शाईपेन यांच्या पानावर प्रत्येक वर्षाला एच२ असेल, तर अकरा वर्षांच्या नोंदी मी अकरा कळांत चाळीन. पण त्यांनी वर्ष नुसतं ठळक करून मोठं केलं असेल, तर माझ्या लेखी तिथे शीर्षक नाहीच. सलग एकच परिच्छेद, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐका.

म्हणून विनंती, एच१ हा "मोठ्या अक्षराचा टॅग" म्हणून वापरू नका. अक्षर मोठं-लहान करायला सीएसएस, म्हणजे सजावटीची वेगळी भाषा, आहे.

आणखी तीन गोष्टी. पहिल्या एचटीएमएल टॅगात लँग (भाषा) लिहा आणि त्यात एमआर (मराठी). ते नसेल तर वाचणाऱ्याला भाषा कळत नाही आणि तो आपल्या नेहमीच्या आवाजात मराठी रेटतो. इंग्रजी आवाजात मराठी पुस्तकांची नावं कशी लागतात ते एकदा ऐकाच, करमणूक होईल.

फोटोला ऑल्ट, म्हणजे शब्दांतलं वर्णन, लिहा. "फोटो" असं नको, फोटोत काय आहे ते लिहा: "चार वह्यांची चळत, वरच्या वहीचा कोपरा दुमडलेला". चित्र लिंकच्या आत असेल आणि ऑल्ट नसेल तर मला फाइलचं नाव ऐकावं लागतं, आयएमजी अंडरस्कोर आणि पुढे आठ-दहा आकडे. चित्र नुसतं शोभेचं असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, म्हणजे तो गुपचूप पुढे जातो.

आणि लिंकेवर "इथे क्लिक करा" लिहू नका. मी पुष्कळदा पानावरच्या फक्त लिंकांची यादी काढतो. तिच्यात "इथे, इथे, इथे, इथे" असं चौदा वेळा ऐकलंय.

शाईपेन

कानाने_वाचणारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं सांगते, मी वर्षं ठळकच केली होती, बी लावून. आता उठून सगळी एच२ करतेय. आणि तुम्ही सुचवलेला ऑल्ट जसाच्या तसा घेऊ का? वहीचा कोपरा खरंच दुमडलेला आहे, तुम्हाला कसं कळलं?

कानाने_वाचणारा

अकरा वर्षं वापरलेली वही आहे. न दुमडून सांगते कुणाला? जरूर घ्या.

प्रोग्रामर_खरा

हे माहीत नव्हतं. माझ्या पानावर लँग नाही. लावतो.

रातकिडा

मराठी पानांसाठी दोन शब्द सीएसएसबद्दलही. हेडमध्ये स्टाइल टॅग टाका, चारपाच ओळी बास. ओळींमधलं अंतर वाढवा, मी १.७ ठेवतो. रोमनला पुरणारं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. पुस्तकांची नावं तिरप्या अक्षरात नको. बहुतेक मराठी फाँटना खरं तिरपं वळण नसतं, ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. अवतरणचिन्हं पुरेत.

यादीला क्रमांक हवे असतील तर यूएलऐवजी ओएल घ्या आणि लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी हा शब्द द्या, रोमनमध्ये. आकडे आपोआप १, २, ३ असे येतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उगाच शंभर नोंदींची यादी केली होती.

शाईपेन

ओएल केलं! १ पासून २१४ पर्यंत, मराठीत! काय सुरेख दिसतंय!

पण नवं दुःख. भाच्याने पान चढवायला मदत केली, फुकटच्या जागेवर. माझ्या संगणकावर फोटो दिसतात, त्याच्या फोनवर नाहीत. शिवाय फोनवर अक्षरं मुंगीएवढी.

अर्धविराम

मुंग्यांचं आधी. मेटाची आणखी एक ओळ हवी, व्ह्यूपोर्टची, त्यात रुंदी म्हणून डिव्हाइस-विड्थ. ती नसली की पान मोठ्या पडद्यासाठी आहे असं फोन समजतो आणि रुंद मांडून मग खिशात मावेल इतकं आक्रसतो.

फोटोच्या एसआरसीमध्ये (चित्राची फाइल कुठे आहे तो पत्ता) काय लिहिलंय? सी: ने सुरू होतंय का?

शाईपेन

हो. सी:, मग युजर्स, मग माझं नाव…

अर्धविराम

झालं तर. तो पत्ता तुमच्या घरातल्या कपाटाचा आहे. भाच्याचा फोन त्याच्या सी: ड्राइव्हमध्ये शोधतोय, जो त्याच्याकडे नाहीच. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि एसआरसीत नुसतं फाइलचं नाव लिहा.

काटेकोर

आणि लहान-मोठी लिपी जशीच्या तशी. कॅमेरा फाइलच्या शेवटी मोठ्या अक्षरांत जेपीजी लिहितो, आपण पानात लहान लिहितो. विंडोजला फरक पडत नाही, पण सर्व्हर बहुधा लिनक्सचा असतो आणि त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फायली. सगळी नावं लहान रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न ठेवता.

बहुश्रुत

नावं मराठीत का नकोत? मी "माझ्याबद्दल" असं पान केलंय, छान चालतं.

रातकिडा

चालतं. आता त्याचा पत्ता कॉपी करून कुणाला पाठवा. बऱ्याच ठिकाणी चिकटवताना प्रत्येक खुणेच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे-अक्षरं येतात, एका खुणेला नऊ. "माझ्याबद्दल"मध्ये काना, हलन्त धरून ११ खुणा. अकरा नव्वे नव्याण्णव.

बहुश्रुत

पाठवून बघितलं. समोरून "व्हायरस आहे का?" असं आलं. नाव बदलतो.

शाईपेन

मंडळी, सगळं लागलं. फोटो दिसतायत, फोनवर वाचता येतंय, व्हॅलिडेटरने शून्य चुका सांगितल्या (पहिल्या वेळी १९ होत्या, त्यातल्या १४ एकाच न मिटलेल्या अवतरणचिन्हाच्या). कानाने_वाचणारा यांनी पान ऐकून बघितलं आणि २०१८ सालच्या नोंदीत एका पुस्तकाचं नाव दोनदा आल्याचं सांगितलं. ते अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा यादी आता २१३ची.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता मीच देते. टॅग मोजले. तेरा. जुनंखोडांचे बारा, त्यातला यूएल जाऊन ओएल आला, आणि वर स्टाइल.

काटेकोर

डॉकटाइप धरला नाही ना? तो टॅग नव्हे.

शाईपेन

नाही धरला. तुमच्या भीतीने दोनदा मोजलं.

जुनंखोड

आणि पी बंद केलेत का?

शाईपेन

पी केले. एलआय नाही केले. दोघांचाही मान राखला.

तिरकस

शाईपेनताई, पान बघितलं. बरं आहे. म्हणजे चांगलं आहे.

एक विचारायचं होतं. तुमच्याकडच्या त्या "आमची टीम"मधल्या तीन जणांना तुम्ही नेमकं कसं काढलंत? माझ्या पानावर चौघंही आहेत.

उगाचच

झकास चाललंय म्हणाला होतात ना?

अर्धविराम

तिरकस, त्या चेहऱ्यांवर राइट क्लिक करा, मग इन्स्पेक्ट. डिव्ह सापडला की इथे सांगा, पुढचं बघू.

तिरकस

सापडला. एकात एक अकरा आहेत. कुठला?